नव्या कल्पनेसाठी सरकारी अनुदान: लघुउद्योजकाने पहिला अर्ज कसा करावा

आमचं युनिट भोसरीत आहे. ५ सीएनसी मशीन, ९ माणसं, बहुतेक काम जॉबवर्कचं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते आणि शुक्रवारी सकाळी शटर वर केलं की कूलंटचा, म्हणजे धातू कापताना तो थंड ठेवणाऱ्या तेल-पाण्याच्या द्रवाचा, कुजका वास अंगावर येतो. दिवसभर पंप बंद, टाकीतलं पाणी हललेलं नाही, वर मशीनच्या तेलाचा थर. त्याखाली हवा पोचत नाही आणि जिवाणू वाढतात. कूलंटचा टक्का, म्हणजे पाण्यातलं त्याचं प्रमाण, उतरलेला असला तर जास्तच. त्या वासातूनच आमची कल्पना निघाली: कूलंटचा टक्का टाकीतल्या टाकीत, सतत मोजणारा सेन्सर.

त्यासाठी आम्हाला सरकारी अनुदान मिळालं. पहिला अर्ज फेटाळला गेला, दुसरा मंजूर झाला. दुसरा अर्ज भरल्यापासून पहिला हप्ता खात्यात पडेपर्यंत ११ महिने गेले. या काळात जे कळलं ते सुरुवातीलाच कोणी समोर बसून सांगितलं असतं तर बराच मनस्ताप वाचला असता. ते मी इथे क्रमाने लिहितो आहे. तुमचं युनिट फाउंड्रीचं असो, अन्नप्रक्रियेचं असो की सॉफ्टवेअरचं, वाट साधारण हीच आहे.

१. आधी ओळखा: तुम्हाला सबसिडी हवी आहे, कर्ज हवं आहे की अनुदान?

बोलताना आपण सगळ्यालाच 'सबसिडी' म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पीएमईजीपी, म्हणजे प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, ही कर्जाला जोडलेली सबसिडी आहे. उत्पादन उद्योगाला ५० लाख आणि सेवा उद्योगाला २० लाख रुपयांपर्यंतचा प्रकल्प, बँकेचं कर्ज, आणि प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के सरकारी वाटा. उद्योग उभा करायला योजना चांगली आहे, पण तुमच्या कामात काही नवीन आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही.

केंद्राचं तंत्रज्ञान विकास मंडळ, म्हणजे टीडीबी, १९९५ च्या कायद्याने स्थापन झालं. देशी तंत्रज्ञान बाजारात आणायला ते मदत करतं, पण मुख्यतः ५ टक्के सरळ व्याजाच्या कर्जाच्या रूपात आणि साधारण निम्म्या प्रकल्प खर्चापर्यंत. ते पैसे परत करायचे असतात.

अनुदान परत करायचं नसतं. म्हणूनच ते फक्त एका गोष्टीसाठी मिळतं: ज्याचं उत्तर अजून कोणाकडेच नाही असा तांत्रिक प्रश्न सोडवण्यासाठी. बँक अशा कामाला पैसे देत नाही, कारण ते फसू शकतं. सरकार देतं, तेही कारण ते फसू शकतं. हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. नवीन व्हीएमसी मशीन घ्यायची असेल, शेड वाढवायची असेल, खेळतं भांडवल कमी पडत असेल, तर अनुदानाच्या मागे लागू नका. बँकेत जा. वर्ष वाचेल.

२. तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहा

माझ्या मते संपूर्ण अर्जातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम आहे आणि त्यालाच आपण सर्वांत कमी वेळ देतो.

आमच्या पहिल्या अर्जातलं वाक्य होतं: 'इंडस्ट्री ४.० साठी स्मार्ट कूलंट मॅनेजमेंट सिस्टिम विकसित करणे.' वाचायला भारदस्त, पण यात प्रश्न कुठे आहे? काय जमेल की नाही याची शंका आहे? काहीच कळत नाही. अर्ज परत आला तेव्हा शेऱ्यात एवढंच होतं की तांत्रिक नावीन्य स्पष्ट होत नाही. तेव्हा राग आला होता. आज तो अर्ज वाचला की शेरा बरोबर होता हे पटतं.

दुसऱ्या अर्जातलं वाक्य असं होतं: 'टाकीत स्लाइडवेचं तेल तरंगत असताना आणि बारीक चिप्स फिरत असताना, काच न पुसता ९० दिवस, प्रकाशावर चालणारा सेन्सर कूलंटचा टक्का अर्ध्या टक्क्याच्या फरकात दाखवू शकतो का?'

फरक पाहा. अडचण कोणती ते यात आहे, किती दिवस ते आहे, किती अचूक ते आहे, आणि उत्तर 'नाही' येऊ शकतं हेही आहे. हे वाक्य बनवायला आम्हाला ३ आठवडे लागले. मी, आमचा सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) आणि जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक, असे तिघे बसायचो. सेटरनेच सांगितलं की खरा शत्रू चिप्स नाहीत, तेल आहे. कूलंटचा टक्का मोजायच्या हातातल्या यंत्रात, रिफ्रॅक्टोमीटरमध्येसुद्धा तेल मिसळलं की रेघ पुसट होते. तुमच्याही शॉपमध्ये असा माणूस असेल. त्याला या कामात घ्या.

याच वेळी तुमचं काम कोणत्या टप्प्यावर आहे तेही ठरवा. यासाठी सगळीकडे 'टीआरएल' ही, तंत्रज्ञान किती तयार झालंय ते सांगणारी, १ ते ९ ची मोजपट्टी वापरतात. ती मूळची नासाची. १ म्हणजे फक्त तत्त्व माहीत आहे, ३ म्हणजे कल्पना चालते याचा प्रयोगाने पुरावा आहे, ४ म्हणजे प्रयोगशाळेत जमलं, ७ म्हणजे नमुना प्रत्यक्ष कामाच्या जागी चालवून दाखवला, ९ म्हणजे उत्पादन वापरात आहे. बहुतेक अनुदान योजना ३ ते ७ च्या मधल्या वाटेसाठी असतात.

इथे एक नेहमीची चूक होते. आपलं काम पुढे गेलंय असं दाखवायच्या नादात लोक ८ लिहितात आणि मग अर्ज तपासणाऱ्या समितीला वाटतं, एवढं झालंय तर पैसे कशाला हवेत? उलट नुसती कल्पना असताना ४ लिहिलं तर पुरावा मागतात. आहे तोच आकडा लिहा आणि त्याला फोटो, रीडिंगची वही, टेस्ट रिपोर्ट जोडा.

३. नोंदण्या आधी करून घ्या

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्राकडची नोंदणी, नसेल तर आजच करा. १ जुलै २०२० पासून ती आहे, सरकारी पोर्टलवर होते आणि पूर्ण मोफत आहे. आधार, पॅन आणि लागू असेल तर जीएसटी क्रमांक एवढंच लागतं. एकही कागद अपलोड करावा लागत नाही. शोधताना वर येणाऱ्या अनेक खासगी साइट्स सरकारी वाटतात आणि 'नोंदणी शुल्क' मागतात. पैसे मागितले की समजायचं, आपण चुकीच्या ठिकाणी आहोत.

१ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल, दोन्ही पाहतात:

सूक्ष्म: गुंतवणूक २.५ कोटींपर्यंत, उलाढाल १० कोटींपर्यंत
लघु: २५ कोटी आणि १०० कोटी
मध्यम: १२५ कोटी आणि ५०० कोटी

आपण कोणत्या गटात आहोत ते पाहून ठेवा, कारण काही योजनांत सरकारचा वाटा गटाप्रमाणे बदलतो. उद्यम प्रमाणपत्रावरचे एनआयसी कोड, म्हणजे व्यवसायाचा प्रकार सांगणारे क्रमांक, तेही तपासा. आमच्याकडे फक्त जॉबवर्कचा कोड होता आणि अर्ज होता मोजमापाच्या उपकरणाचा. कोड वाढवून घेतला, १० मिनिटांचं काम होतं.

कंपनी नवी असेल तर डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाची, स्टार्टअप मान्यताही घ्या. मात्र ती प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारीला मिळते. एकल मालकीच्या फर्मला मिळत नाही, आणि आपल्याकडची निम्मीअधिक वर्कशॉप तशीच आहेत. तुमची तशी असेल तर निराश होऊ नका, उद्यम नोंदणीवर चालणाऱ्या योजना आहेत. फक्त अनुदानासाठी म्हणून घाईने कंपनी काढू नका. दरवर्षीचं ऑडिट आणि कंपनी निबंधकाचे (आरओसी) फॉर्म मागे लागतात.

४. प्रश्नाला साजेशी योजना शोधा

योजना आधी आणि कल्पना मागून, असं केलं की अर्जात ते दिसतं. क्रम उलटा ठेवा. मला ज्या योजना सांगाव्याशा वाटतात त्या अशा:

एमएसएमई इनोव्हेटिव्ह. केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग (एमएसएमई) मंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये सुरू केली. हिचे तीन भाग आहेत. इन्क्युबेशनमध्ये एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत; हे पैसे मान्यताप्राप्त यजमान संस्थेमार्फत येतात, म्हणजे बहुधा एखाद्या कॉलेजमार्फत. डिझाइनमध्ये प्रकल्पाला ४० लाखांपर्यंत. सूक्ष्म उद्योगाला सरकारचा वाटा जास्त, लघु आणि मध्यमला कमी. तिसरा भाग बौद्धिक संपदेचा, त्याबद्दल पुढच्या पायरीत. साध्या उत्पादन युनिटने पहिली नजर या योजनेवर टाकावी असं माझं मत आहे.

प्रिझम. केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची, म्हणजे डीएसआयआरची योजना. व्यक्ती, स्टार्टअप आणि एमएसएमई तिघांसाठी. एकटा कारागीरही अर्ज करू शकतो, हे तिचं वैशिष्ट्य.

निधी-प्रयास. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची, प्रोटोटाइप बनवायला १० लाखांपर्यंत. प्रयास केंद्र असलेल्या इन्क्युबेटरकडे, म्हणजे नव्या उद्योगांना उभं राहायला मदत करणाऱ्या संस्थेकडे, अर्ज करायचा. ही मुख्यतः नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी आहे; १५ वर्षं चाललेल्या कारखान्यासाठी नाही.

बायरॅकची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या संस्थेची, बिग. जैवतंत्रज्ञान, वैद्यकीय उपकरणं, निदान किंवा जैविक शेती निविष्ठा यात काम असेल तर ५० लाखांपर्यंत, १८ महिन्यांसाठी. दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला अर्ज खुले होतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर यात भागीदार आहे.

आयडेक्स. संरक्षण मंत्रालयाची, २०१८ पासून. इथे प्रश्न तुम्ही मांडायचा नसतो. सैन्यदलं आपल्या अडचणी जाहीर करतात आणि तुम्ही उत्तर द्यायचं. १.५ कोटींपर्यंत अनुदान, पण तेवढाच वाटा तुम्हालाही उभा करावा लागतो. भोसरी, चाकण, नाशिक, कोल्हापूरच्या प्रिसिजन काम करणाऱ्यांनी हे विषय चाळावेत. आपल्याला वाटतं संरक्षण म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम. यादी वाचली की सील, केबल, कोटिंग, छोटे सेन्सर असे आपल्या आवाक्यातले विषय सापडतात.

शेतीशी संबंधित कल्पना असेल तर राष्ट्रीय कृषी विकास योजनेखालच्या इन्क्युबेटरमधून कल्पनेच्या टप्प्याला ५ लाख आणि पुढच्या टप्प्याला २५ लाखांपर्यंत मिळतात. राज्यात महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीचा स्टार्टअप सप्ताह असतो. त्यात निवड झाली की अनुदान नाही, थेट सरकारी खात्याचा कार्यादेश मिळतो. पहिलं गिऱ्हाईक म्हणून मला तर तो अनुदानापेक्षाही मोलाचा वाटतो.

योजना निवडली की तिची मार्गदर्शक पुस्तिका पूर्ण वाचा, शेवटच्या परिशिष्टापर्यंत. अर्ज सध्या खुले आहेत का हे थेट यजमान संस्थेला फोन करून विचारा. मुदत संपलेल्या योजनांचे लेख वर्षानुवर्षं फिरत राहतात. आणि एकाच खर्चासाठी दोन योजनांतून पैसे घेऊ नका. सुरुवातीलाच प्रतिज्ञापत्र घेतात, आणि ते खोटं ठरलं तर वसुली होते.

५. कोणाला दाखवण्याआधी पेटंटची तारीख घ्या

प्रदर्शनात स्टॉल लावला, व्हिडिओ टाकला, गिऱ्हाइकाला नमुना दिला, की तुमचा शोध 'उघड' झाला. मग पेटंट मिळणं फार अवघड होतं. म्हणून आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज भरा. त्यात सगळा तपशील पूर्ण लागत नाही. १२ महिन्यांत संपूर्ण अर्ज द्यायचा असतो, आणि हक्काची तारीख मात्र पहिल्या अर्जाची धरली जाते.

खर्चाला घाबरू नका. ऑनलाइन अर्जाचं मूळ सरकारी शुल्क मोठ्या कंपनीला ८,००० रुपये आहे. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला १,६००. लघुउद्योगाला या सवलतीसाठी फॉर्म २८ सोबत उद्यम प्रमाणपत्र जोडावं लागतं, हे अनेक जण विसरतात आणि मोठं शुल्क भरून बसतात. ट्रेडमार्कलाही ९,००० ऐवजी ४,५०० लागतात.

वकिलाची फी वेगळी, आणि खरा खर्च तोच. मघाशी सांगितलेल्या एमएसएमई इनोव्हेटिव्हच्या तिसऱ्या भागातून पेटंट मिळाल्यावर भारतातल्या पेटंटसाठी १ लाखापर्यंत आणि परदेशातल्यासाठी ५ लाखांपर्यंत खर्च परत मिळतो. पण आधी खिशातून घालावा लागतो. बिलं आणि पावत्या जपून ठेवा, आणि त्या फर्मच्याच नावावर घ्या.

६. बजेट बनवा

समितीतली माणसं तांत्रिक मजकूर वाचतात, पण बजेट पारखतात. तुम्ही काम किती समजून घेतलंय ते तिथे उघडं पडतं.

आमच्या पहिल्या बजेटमध्ये एक ओळ होती: 'इलेक्ट्रॉनिक्स व इतर, ४,००,०००.' दुसऱ्या वेळी तीच रक्कम आम्ही १७ ओळींत फोडली. एलईडी आणि फोटोडिटेक्टर, चार प्रकारच्या काचेच्या खिडक्या, पीसीबीच्या (सर्किट बोर्डच्या) तीन फेऱ्या, स्टेनलेस हाऊसिंगचे (सेन्सरच्या आवरणाचे) ६ नग, वॉटरप्रूफ कनेक्टर, टेस्टिंगसाठी तीन कंपन्यांचं कूलंट तेल... हे लिहिताना आम्हालाच समजलं की पीसीबी पहिल्याच फटक्यात बरोबर येणार नाही, म्हणून तीन फेऱ्यांचे पैसे धरायला हवेत. समितीत त्या ओळीवर प्रश्न आला नाही, उलट एकाने मान डोलावली.

साधारणपणे चालणारे खर्च: कच्चा माल आणि सुटे भाग, फॅब्रिकेशन, चाचण्या आणि कॅलिब्रेशन, प्रकल्पासाठी घेतलेल्या इंजिनिअरचा पगार, तज्ज्ञाची फी, थोडा प्रवास, मर्यादित किरकोळ खर्च. साधारणपणे न चालणारे: जागा, बांधकाम, गाडी, मालकाचा पगार, जुन्या कर्जाचे हप्ते, उत्पादनासाठीचं मशीन, जाहिरात. तुमच्या योजनेची पुस्तिका हाच शेवटचा शब्द.

बजेट करताना या गोष्टींवर नजर ठेवा:

कोटेशन अर्जाच्या आधीच घ्या, मोठ्या वस्तूंना तीन. आणि त्यांत १० ते १५ टक्के भाववाढ धरा, कारण खरेदी होईपर्यंत वर्ष उलटलेलं असतं.

जीएसटीचं आधी ठरवा. खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट तुम्ही घेणार असाल तर तो खर्च म्हणून दाखवता येत नाही. दोन्हीकडे दाखवला तर ऑडिटमध्ये नक्की सापडतं.

स्वतःच्या मशीनवर स्वतःच केलेलं काम कसं दाखवायचं हे यजमान संस्थेला लेखी विचारा. आम्ही हाऊसिंग आमच्याच सीएनसीवर काढली आणि मशीन-तासांचं बिल स्वतःलाच लावलं. ते नामंजूर झालं. तो खर्च 'आमचा वाटा' म्हणून आधीच दाखवला असता तर मान्य झाला असता.

७. कागद जमवा

वेगळी फाइल करा, आणि प्रत्येक कागदाची स्कॅन प्रत एकाच फोल्डरमध्ये ठेवा.

उद्यम प्रमाणपत्र; असल्यास स्टार्टअप मान्यता
पॅन, जीएसटी प्रमाणपत्र, फर्मची किंवा कंपनीची नोंदणी, भागीदारीपत्र
गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि आयकर विवरणपत्रं (युनिट नवं असेल तर जेवढी असतील तेवढी)
मालकाचा किंवा प्रकल्पप्रमुखाचा बायोडेटा, आधार
प्रश्नाचं वाक्य, कामाचा महिनावार तक्ता, टप्पे
आतापर्यंतच्या कामाचा पुरावा: फोटो, रीडिंग, टेस्ट रिपोर्ट
बजेट आणि कोटेशन
असं पेटंट आधी कोणी घेतलंय का हे तपासल्याचा अहवाल किंवा पेटंट अर्जाची पावती
गिऱ्हाइकाचं पत्र: 'हे उपकरण बनलं तर आम्ही आमच्या मशीनवर चाचणी घेऊ'
इतर योजनेतून याच कामाला पैसे घेतले नसल्याचं प्रतिज्ञापत्र
रद्द केलेला धनादेश

गिऱ्हाइकाच्या पत्राला कमी लेखू नका. आम्हाला दोन शेजारच्या युनिटनी दिलं, चार ओळींचं. समितीने ते मोठ्याने वाचलं.

नाव सगळीकडे एकसारखं हवं. पॅनवर 'इंजिनिअरिंग', उद्यमवर 'इंजिनिअर्स' आणि बँकेत 'इंजि.' असेल तर अर्ज करण्याआधी दुरुस्त करा. मंजुरीनंतर हे निस्तरायला महिना जातो.

इथेच 'मंजुरी करून देतो, १० टक्के द्या' म्हणणारे भेटतील. त्यांच्या हातात मंजुरी नसते. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर ठरावीक फी देऊन घ्या, त्यात गैर काही नाही. पण टक्केवारीवर कोणालाच घेऊ नका; तो खर्च अनुदानात कुठेही दाखवता येत नाही. शिवाय समितीसमोर तुम्हालाच उभं राहायचं असतं, आणि दुसऱ्याने लिहिलेला अर्ज तिथे तुमच्या तोंडून नीट निघत नाही.

८. समितीसमोर

आम्हाला १० मिनिटं दिली होती आणि पुढे १० मिनिटं प्रश्न. मी नमुना सोबत नेला होता, आणि एका बाटलीत आमच्या टाकीतलं तीन आठवड्यांचं कूलंट. झाकण उघडल्यावर काही सांगावं लागलं नाही.

पहिलाच प्रश्न आला: 'रिफ्रॅक्टोमीटर काही हजारांत मिळतो. थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचा, आकडा वाचायचा. तुमचं कशाला हवं?' मी आमची कूलंट तपासणीची वही पुढे केली. महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांपैकी ११ दिवसांचे रकाने कोरे होते. ऑपरेटरचा दोष नाही, तीन शिफ्टच्या गडबडीत तो थेंब कोण टाकणार? आणि जे १५ आकडे होते त्यातले बरेच एकाच हातचे, एकाच पेनने, एकाच वेळी भरल्यासारखे. ती वही बारा स्लाइडपेक्षा जास्त बोलली.

तुम्हाला तीन प्रश्न हमखास विचारतील: आज लोक हे काम कसं भागवतात, तुमचं नेमकं काय वेगळं आहे, आणि जमलं नाही तर काय करणार? तिसऱ्याला 'जमेलच साहेब' असं उत्तर देऊ नका. आम्ही सांगितलं की काचेवर तेल बसलंच तर हवेच्या झोताने साफ करायचा पर्याय तपासू, आणि तोही फसला तर कोणत्या तेलाला चालत नाही याची यादी तरी हातात येईल. एखादी गोष्ट माहीत नसेल तर तसं सांगा आणि लिहून घ्या.

९. करारनामा आणि हप्ते

मंजुरीचं पत्र म्हणजे पैसे नव्हेत. त्यानंतर करारनामा होतो, आणि पैसे टप्प्याटप्प्याने येतात: पहिला हप्ता, काम, अहवाल, हिशोब, मग दुसरा. करारात तीन कलमं शोधून वाचा. टप्पा पूर्ण झाला हे कोण आणि कशावरून ठरवणार? पेटंट कोणाच्या नावावर राहणार? बजेटच्या एका शीर्षकातून दुसऱ्यात रक्कम वळवायची तर परवानगी कोणाची? ही परवानगी खर्चाच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही.

हप्त्यांच्या मध्ये मोठं खिंडार पडतं. आमचा दुसरा हप्ता यायला ५ महिने लागले, आणि त्या काळात प्रकल्पाच्या इंजिनिअरचा पगार जॉबवर्कच्या पैशातून दिला. अर्ज करण्याआधीच स्वतःला विचारा: सहा महिने हा खर्च माझं युनिट ओढू शकेल का? नसेल तर प्रकल्प लहान करा. मोठी रक्कम मागून मधेच अडकण्यापेक्षा ते बरं.

१०. हिशोब

दुसऱ्या हप्त्याला जो उशीर झाला त्यातला निम्मा आमच्या चुकीमुळे होता. अनुदानासाठी वेगळं बचत खातं उघडलं होतं, ते बरोबर केलं. पण त्या खात्यावर जमलेलं व्याज, ३,४१२ रुपये, आम्ही प्रकल्पातच खर्च केलं. केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ सांगतात की अनुदानाच्या रकमेवरचं व्याज सरकारचं असतं आणि ते भारताच्या संचित निधीत परत जातं. तुम्ही ते यजमान संस्थेमार्फत भरायचं की थेट सरकारच्या भारतकोश पोर्टलवर, हे संस्थेला विचारून घ्या. आमचं भरून, पावती जोडून, हिशोब पुन्हा पाठवण्यात सात आठवडे गेले.

खर्चाचा दाखला म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, सगळे 'यूसी' म्हणतात. नमुना ठरलेला आहे, जीएफआर १२-ए. सीएने सही करताना यूडीआयएन, म्हणजे त्या दाखल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकलाच पाहिजे. २०१९ पासून तो बंधनकारक आहे. बाकी सवयी साध्या आहेत: रोखीने काही घेऊ नका, बिलावर प्रकल्पाचं नाव लिहून घ्या, करारातल्या सुरुवातीच्या तारखेआधीचं बिल लावू नका, आणि दर महिन्याच्या ५ तारखेला मागच्या महिन्याचा हिशोब पूर्ण करा. वर्षाच्या शेवटी बसलात तर कुरियरच्या पावत्या शोधण्यातच आठवडा जाईल.

आयकराचं सीएशी पहिल्या हप्त्याआधी बोला. २०१५ च्या वित्त कायद्यापासून सरकारी अनुदान करपात्र उत्पन्नात धरलं जातं. त्यातून मालमत्ता घेतली असेल तर ती रक्कम मालमत्तेच्या किमतीतून वजा होते. हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला आणि खर्च एप्रिलनंतर झाला, तर ताळेबंदात तो कसा दाखवायचा हे आधी ठरलेलं हवं.

११. शेवटचा अहवाल

आमचा सेन्सर ९० दिवस टिकला नाही. ६१ व्या दिवशी आकडा सरकू लागला. काढून पाहिलं तर काचेवर नखाने खरवडावा लागेल असा चिकट पिवळा थर होता. हवेच्या झोतानेही तो पूर्ण जात नव्हता. यजमान संस्थेतल्या कोणीतरी सुचवलं की '६० दिवस यशस्वी' एवढंच लिहा. आम्ही ६१ व्या दिवसापासूनची सगळी रीडिंग, थराचे फोटो आणि कोणत्या दोन तेलांत तो जास्त बसतो याचा तक्ता जोडला. अहवाल मंजूर झाला, शेवटचा हप्ता आला. प्रश्नाचं उत्तर द्यायचे पैसे होते, आणि उत्तर दिलं होतं. पुढच्या टप्प्याच्या अर्जात हाच तक्ता आमचा पुरावा आहे.

अहवालासोबत अनुदानातून घेतलेल्या वस्तूंची यादी द्यावी लागते. त्या वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाहीत की गहाण ठेवता येत नाहीत. आम्ही ऑसिलोस्कोप, पॉवर सप्लाय आणि कॅलिब्रेशनच्या सेटवर प्रकल्प क्रमांकाचं स्टिकर लावलं आणि रजिस्टरमध्ये बिल क्रमांक, तारीख आणि कोणत्या टेबलावर ठेवलंय ते लिहिलं. तपासणीला माणूस आला तेव्हा त्याने रजिस्टर उघडलं, तिन्ही स्टिकर जुळवून पाहिले, सही केली आणि १५ मिनिटांत गेला.